दक्षिणेला तांबडा

शहाड,
ता. १८ जानेवारी १९५४

ती. बाबांना,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ मिळाला. आत्याने केलेले लाडू पहिल्याच दिवशी फस्त झाले. हलव्याचे दागिने मात्र सुमीला घालायचे राहून गेले. का राहिले ते सांगते. मी रडत नाही, मला राग आलाय, हे आधीच सांगून ठेवते. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी सांभाळून घ्या.

आमच्याकडे दिवाळीपासून ह्यांचे चुलते आलेत, काळुराम काका. रंगूनच्या गोदीत वीस वर्षं होते, लढाईत पायी चालत परत आले, मग कलकत्त्याला राहिले, आता कायमचे इथे. सासरे गेल्यापासून घरात वडीलधारा पुरुष नव्हता, म्हणून त्यांचा शब्द मोठा. माणूस वाईट नाही. पण रंगूनला त्यांच्या शेजारी एक चिनी दुकानदार होता, त्याच्याकडून एक विद्या शिकून आलेत. वारा-पाण्याची विद्या म्हणतात. एक लाकडी चकती आहे, मध्ये होकायंत्राची सुई. ती हातावर धरून घरभर फिरतात. उत्तरेला काळा, पूर्वेला हिरवा, दक्षिणेला तांबडा, पश्चिमेला पांढरा आणि घराच्या मधोमध पिवळा. ज्याचा रंग त्याच्या जागी असला की घर सुखात, चुकला की माणसं आजारी.

आधी मला गंमत वाटली. पूर्वेच्या खिडकीला हिरवं कापड लावलं, ते दिसलंही छान. मग काका माझ्या लुगड्यांवर आले. चूल पश्चिमेच्या भिंतीला आहे म्हणून मी भाकऱ्या थापताना पांढरं नेसायचं! नवरा धडधाकट असताना? तेव्हा सासूबाईच उलथनं घेऊन उठल्या. म्हणाल्या, भावोजी, ह्या घरात पांढरं मी नेसते तेवढं पुरे, सुनेचं नाव काढायचं नाही. काकांनी दोन दिवस चकती हातात धरली नाही.

पण संक्रांतीला सासूबाई त्यांच्या बाजूला गेल्या. सुमीचं पहिलं बोरन्हाण. आत्याने काळ्या कापडाचं झबलं शिवून पाठवलेलं. काका म्हणाले, काळा म्हणजे पाणी, आणि पोरीचा पाळणा दक्षिणेच्या भिंतीला, तिथे अग्नी. पाण्याने अग्नी विझतो. झबलं नको, हातातले काळे मणीही नकोत. आणि सासूबाईंनी माझ्यादेखत मण्यांचा दोरा कापला. बाबा, काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून असतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आळीतल्या बायका बोरं, ऊस घेऊन आल्या आणि माझी पोर संक्रांतीला तांबड्या झबल्यात बसलेली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जशी मीच वेडी.

सासूबाईंची दोन मुलं ह्यांच्या आधी गेली. एक नऊ महिन्यांचं, एक वर्षाचं. सुमीला आता नववा चाललाय. म्हणून त्या कुणाचंही ऐकतात, ते मला कळतं. पण भीती काय त्यांनाच वाटते? ती माझी पोर नाही?

आत्याला नमस्कार. झबल्याचं तिला सांगू नका. लेकीवरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
रतन

*

ठाणे,
ता. २४ जानेवारी १९५४

चि. सौ. रतनीस,
अ. उ. आ.

झबल्याचं आत्याला सांगू नका म्हणून लिहिलंस, आणि तुझं पत्र तिनेच मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावलं. झालं. गंगूताई तेव्हापासून भांडी आपटतेय. म्हणते, एकदा शहाडला जाऊन त्या रंगूनवाल्याला उत्तर दिशा दाखवूनच येते.

मी तीस वर्षं लोकांच्या घराच्या चौकटी बसवतोय. दार कुठल्या तोंडाला, देव कुठे, हे आपल्यातही बघतात, मी नाही म्हणत नाही. पण भिंतीला विचारून लुगडं नेसायचं हे पहिल्यांदा ऐकलं. तुझ्या सासूबाई त्या वेळी उठल्या, बरं केलं. माझा त्यांना नमस्कार सांग.

तू मात्र तोंड वर करू नकोस. म्हातारा माणूस आहे, परक्या मुलखात राहिलेला. चार दिवस कौतुक होईल, मग ती चकती कोनाड्यात पडेल. जावईबापूंच्या कानावर घाल, पण गोडीने. पाळणा नीट झुलतो ना? कड्या करकरायला लागल्या तर खोबरेल सोड, एरंडेल नको, धूळ धरते.

सुमीला आजोबांकडून दोन पापे, एक दाढी केलेल्या दिवसाचा.

तुझा बाप,
दौलत

*

शहाड,
ता. २२ फेब्रुवारी १९५४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा पाळणा रंगवला. कसं लिहू कळत नव्हतं, म्हणून आठ दिवस लिहिलं नाही.

सागवानाचा रंग मातीचा, असं काका म्हणाले, दक्षिणेला माती चालत नाही, तांबडाच हवा. मी म्हटलं, मग पाळणा दुसऱ्या भिंतीला टांगा. तर आढ्याला कडी तिथेच, दुसरीकडे लाकूड किडलेलं. मी म्हटलं, तांबडं फडकं बांधा. काका म्हणाले, तेही चालेल. पण सासूबाईंनी डोक्यात घेतलं की अर्धवट काही करायचं नाही. गोडीने ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, रंगच आहे, काय बिघडतं, आईच्या जिवाला बरं वाटतं ना. सगळ्यांच्या जिवाला बरं वाटतं, माझा जीव तेवढा मोजायचा नाही.

दुकानातला रंग मात्र सासूबाईंनी घरात येऊ दिला नाही. डब्यात काय कालवतात कुणाला ठाऊक, पोरीच्या तोंडात जाईल, म्हणाल्या. मग शेंदराच्या पुड्या आणल्या, मारुतीच्या पायाशी ठेवून घरी आणल्या, जवसाच्या तेलात कालवल्या आणि स्वतःच्या हाताने पाळण्याला फासल्या. शनिवार होता, उपास होता, पाण्याचा थेंब न घेता दिवसभर बसल्या होत्या. तुमच्या कोरलेल्या वेलाची पानंसुद्धा बुजली. आता दर शनिवारी एक हात द्यायचा, असं ठरलंय.

सुमीला दात येतायत. कठडा धरून उभी राहते आणि तोच चावत बसते. तोंड असं तांबडं होतं, जसा विडा खाल्लाय. सासूबाई हसून म्हणतात, मारुतीचा प्रसाद खातेय माझी बाय, गदा उचलेल. काका म्हणतात, बघा, रंग ओढून घेतेय.

मला तो रंग बघवत नाही. तुम्ही दोन महिने खपून केलेली वस्तू, मला न विचारता! माझ्या माहेरचं एवढंच तर होतं ह्या घरात.

रागावू नका. नाहीतर रागवा, पण माझ्यावर नको.

तुमची,
रतन

*

ठाणे,
ता. २८ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. रतनीस आशीर्वाद.

पत्र वाचून मी दिवसभर रंध्याला हात लावला नाही. लाखेचं पॉलिश होतं ते. सात हात दिले होते. प्रत्येक हातानंतर वाळू द्यायचं, घासायचं, परत द्यायचं. आरशासारखं चकाकत होतं. तो पाळणा विकत आणलेला नव्हता, लेकीच्या पहिल्या लेकरासाठी बापाने केलेला होता. त्यावर शेंदूर? शेंदूर फासून दगडाचा देव होतो, पाळण्याचा होत नाही. त्यांना तांबडा हवा होता तर माझ्याकडे यायचं होतं, मी लाकडाला धक्का न लावता लाखेचा लाल चढवून दिला असता.

मी आता त्या पाळण्याचं नाव काढणार नाही. तूही काढू नकोस. पोरगी मोठी झाली की परत पाठव, तासून पुन्हा कोरा करीन.

गंगूताई पेणला तिच्या नणंदेकडे गेली आहे, शिमगा करून येईल. ती इथे नाही तेच बरं, नाहीतर आज शहाडला दुसरी लढाई झाली असती.

सुमीला जपा.

दौलत

*

शहाड,
ता. ४ एप्रिल १९५४

ती. बाबांना,
नमस्कार.

बाबा, सुमी बरी नाही. मला खूप भीती वाटते.

पंधरा दिवस झाले, दूध प्यायली की ओकते. पोट दगडासारखं लागतं, पाच-पाच दिवस शी होत नाही. पाय पोटाशी घेऊन किंचाळते. किंचाळायची. आता आवाजच बसलाय. तोंड उघडते, डोळ्यांतून पाणी येतं आणि आतून नुसता खरखर वारा येतो. रंग असा पांढराफटक झालाय की कानाची पाळी उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल. कठडा धरून उभी राहायची, ती आठ दिवसांत उभी राहिलेली नाही. वैद्यांनी घुटी दिली, म्हणाले दातांमुळे होतं. दात सगळ्याच पोरांना येतात, बाबा. त्यांचे आवाज जातात का?

काका चकती घेऊन बसले. म्हणाले, अग्नी कमी पडतोय, तांबडा वाढवा. काल शनिवारी सासूबाईंनी एकाच्या जागी दोन हात दिले. तिचा लाकडी खुळखुळाही रंगवला. मी म्हटलं डॉक्टरकडे नेऊ, तर म्हणाल्या, माझी दोन डॉक्टरकडे नेऊनच गेली. हे म्हणाले, ह्या महिन्यात बघू. कसलं बघू? काय उरेल बघायला? मी एवढी ओरडले की शेजारची बाई आली, आणि मग सगळे माझ्याकडेच बघायला लागले. सून ओरडली, एवढंच सगळ्यांना ऐकू आलं.

तोंड वर करू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं. आता काय करू ते लिहा. मला सुचत नाही.

रतन

*

ठाणे,
ता. ६ एप्रिल १९५४

रतने,

पाकीट शोधायला वेळ नाही म्हणून कार्डावर लिहितो. ज्याच्या हाती पडेल त्याने ते रतनला द्यावं.

गंगूताई पेणहून आली. तुझी सगळी पत्रं तिला वाचून दाखवली. शेंदूर म्हटल्यावर तिने माझा हात धरला. तिच्या सासरी एक भजनी बुवा होता, आवाज असा की दोन वाड्यांपलीकडे ऐकू जाई. कुणीतरी आकसाने त्याला विड्यातून शेंदूर चारला. आधी आवाज गेला, मग पोटाने गडबडा लोळला, मग मनगटं लुळी पडली, चिपळ्याही धरता येईनात. गंगूताईने हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मी सुतार. शेंदूर म्हणजे शिसं हे मला माहीत आहे. होडीच्या फटीत भरताना आम्ही नाकातोंडाला फडकं बांधतो. तू पोर कठडा चावते म्हणून लिहिलंस, आणि मी पॉलिशसाठी रडत बसलो.

सुमीला पाळण्यातून उचल आणि ये. कुणाला विचारू नकोस. आधी लिहिलं होतं ते खोडून टाक. माझ्या पायावर परवा लाकूड तासायचा वाकस पडला, टाके आहेत, नाहीतर मीच आलो असतो. गंगूताई निघाली होती, तिला मी अडवलं. ती आली तर भांडण होईल आणि भांडणात तू अडकून पडशील.

दौलत

*

शहाड,
ता. ९ एप्रिल १९५४

ती. मामांना,
सहदेवचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोस्टमनने काकांच्या हातात दिलं. काकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. माझ्या आईने नातीला विष चारलं असं तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत. ते पोस्टमनने वाचलं असेल, उद्या सगळं शहाड वाचेल. आई उपास करून ज्या हातांनी तो शेंदूर लावत होती, ते हात मी पाहिलेत. देवाच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या चढतो तो शेंदूर. मग देवालाही काही झालं असतं. लिहायच्या आधी म्हातारीचा विचार करायला हवा होता.

मी गिरणीत पाळीवर होतो. आईने सांगितलं ते असं. तुमची मुलगी भाजी चिरत होती. कार्ड ऐकलं, विळी आडवी केली, सुमीला उचललं आणि पायात काही न घालता स्टेशनकडे चालायला लागली. आई आळीच्या तोंडापर्यंत मागे धावली. तिने वळून पाहिलं नाही. काकांनी ओरडून सांगितलं की आजची दिशा वाईट आहे. चारचौघांत आमची ही शोभा.

ह्याबद्दल समोरासमोर बोलू. तूर्त पोरगी कशी आहे तेवढं उलट टपाली कळवा. दूध घेते का तेही कळवा. आवाज आला का तेही.

आपला,
सहदेव

*

ठाणे,
ता. २६ एप्रिल १९५४

ती. आईंना,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सुमीचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. काल ते इथे आले होते, त्यांच्या पाठोपाठच टपालात टाकतेय. त्यांच्या तोंडाने निरोप दिला असता, पण जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलायला मला जमलं नाही.

सुमीचं सांगते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरडीवर दातांशी निळी रेघ होती. लगेच म्हणाले, शिसं. किती दिवस, कसं गेलं, सगळं विचारलं. सोळा दिवस तिथे ठेवलं, आता घरी आणलंय. ओकारी थांबली. दूध राहतं. पण अजून उभी राहत नाही आणि आवाज पुरता आलेला नाही. डॉक्टर म्हणाले, हाडांत गेलेलं सावकाश निघतं, पुरतं निघेल की नाही ते आज सांगता येत नाही. मी खोटं लिहीत नाही, ती बरी झाली असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही.

मला तुमचा राग आला होता. हातात काही आलं असतं तर मी फेकलं असतं. काका म्हणतात म्हणे की मी तांबडा म्हणालो, शेंदूर म्हणालो नाही. खरं आहे, नव्हते म्हणाले. पण पोर सुकत चालली तेव्हा तिच्याकडे न बघता सुईकडे बघून वाढवा म्हणणारे तेच. त्यांना सांगा, चुकलो एवढं म्हणायला चकती लागत नाही.

पण आज मला राग वेगळ्याचाच आलाय. काल ह्यांनी सांगितलं, तुम्ही पाळणा परसात नेऊन राखेने आणि विटकरीने घासत बसलात, बोटांची सालं निघेपर्यंत. शिजवलेलं काही खात नाही. आणि ठाण्याला चला म्हटलं तर म्हणता, कुठल्या तोंडाने येऊ. हे काय, आई? पोर आजारी, मी एकटी, आणि तुम्ही तोंडाची काळजी करत घरात बसणार? तुमच्या हाताने लागलं म्हणून तुम्ही घरात लपायचं, तर मग मी कुठे लपू?

आता ऐका. हे मी बाबांना सांगितलं नाही, आत्यालाही नाही. सुमी कठडा चावायला लागली की गप्प राहायची. दातांनी हैराण झालेली असायची, कडेवरून खाली ठेवली की रडायची, आणि मला पाणी भरायचं असायचं, ह्यांची पाळीची वेळ गाठायची असायची. मग मीच तिला पाळण्यात ठेवून कठड्याशी सरकवून द्यायची. मीच. एकदा नाही, रोज. तोंड पदराने पुसायची, पदर तांबडा व्हायचा, आणि परत सरकवायची. बाबांना पत्रात लिहिलं की सासूबाई हसल्या. मी हसले होते ते लिहिलं नाही. तुमच्या हाताने महिन्यातून चारदा शेंदूर लागला, माझ्या हाताने दिवसातून चारदा तिच्या तोंडात गेला.

हे सुमीच्या बाबांनाही आताच कळतंय. कळू दे.

मी पळून आले तेव्हा सगळे म्हणाले, आई असावी तर अशी. आत्या अजून आल्यागेल्याला सांगते, अनवाणी आली म्हणून. मला ते ऐकवत नाही. ह्या सगळ्यात फक्त तुम्ही आणि मी अशा दोघी आहोत, कुणी काही बोललं तरी त्याहून जास्त आपण स्वतःलाच बोललेल्या आहोत. म्हणून मला तुम्ही हव्यात.

आत्याशी बोलून ठेवलंय. ती टोचून बोलेल, एक-दोनदा. ऐकून घ्या, मग ती तुमचं ताट स्वतः वाढेल. रविवारी ह्यांच्याबरोबर या. सुमी दुपारी झोपत नाही, मी थोपटलं तरी झोपत नाही, दाराकडे बघत राहते. तुम्ही तिला कशा निजवायच्या, मांडीवर आडवी घेऊन की खांद्यावर, मला ते कधी नीट बघायला मिळालं नाही. मी त्या वेळी चुलीपाशी असायची. येऊन मला शिकवा.

आला नाहीत तर पुढच्या सोमवारी मीच सुमीला कडेवर घेऊन शहाडला येईन आणि भर आळीत तुमच्या दाराशी बसेन. मग चार माणसं जमली तर जमू देत.

काहीतरी शिजवून खा. सुनेवरचा लोभ तुटला असेल तर येऊन तसं सांगा, पण या.

तुमची,
रतन